ट्रॅकपुरतीच सुपरकार घ्यायची आहे? नागपूरकरांसाठी पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

शहराची एमएच-३१ असो, पूर्व नागपूरची ४९ असो की ग्रामीणची ४०, या गाडीला यांतला कुठलाच नंबर मिळत नाही. विचारणा करणारे बहुतेक जण आरटीओपासून सुरुवात करतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. गिरीपेठची फेरी वाचवा. इथे आरटीओचे काम सगळ्यात कमी आहे. खरी कसोटी बँकेत आणि कस्टममध्ये लागते.

ट्रॅकपुरती म्हणजे रस्त्याचे नियम बाजूला ठेवून फक्त रेस सर्किटवर पळवण्यासाठी बांधलेली गाडी. फेरारीची २००५ मधली एफएक्सएक्स ही या प्रकारातली गाजलेली. ॲस्टन मार्टिनने वल्कन २४ च बनवल्या, लॅम्बोर्गिनीने एसेन्झा एससीव्ही१२ साठी ४० चा आकडा ठरवला, बुगाटी बोलिडही ४० च, आणि तिची किंमत करांआधीच ४० लाख युरो.

पात्रता कोण ठरवतं?

सरकार नाही, कंपनी. या गाड्यांचा छापील अर्ज नसतो. कंपनी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांतून नावं निवडते. फेरारीच्या एक्सएक्स या ट्रॅक-गाड्यांच्या कार्यक्रमात फेरारी गिऱ्हाइकाला निवडते, गिऱ्हाईक फेरारीला निवडत नाही. त्यामुळे आधीच्या गाड्यांचा इतिहास आणि अधिकृत विक्रेत्याची शिफारस हीच पात्रता. पहिलीच सुपरकार म्हणून ही मिळेल अशी आशा ठेवू नका. पारपत्र, पैशाच्या स्रोताचे पुरावे, बँकेचे पत्र आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला तयार ठेवा. सीट अंगाच्या मापाने बसवून घ्यायला एकदा कारखान्यातही जावे लागू शकते.

करारात एक कलम दोनदा वाचा: गाडी राहणार कुठे? एसेन्झासाठी लॅम्बोर्गिनीने सांत-आगाता इथे वेगळे हँगर उभारले. मालक घरबसल्या कॅमेऱ्यावर आपली गाडी पाहू शकतो, आणि ट्रॅकच्या दिवशी कंपनीच ती सर्किटवर नेते. आपल्याकडे ‘गाडी घेतली’ म्हणजे दारात उभी, हार घातलेली, चाकाखाली लिंबू. इथे दार इटलीत असू शकते. तुमची गाडी परदेशात राहणार की भारतात येणार, यावर पुढचे सगळे कागद बदलतात.

परदेशातच ठेवायची असेल तर

मग पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून जातात. बँकेत सगळे तिला एलआरएस म्हणतात. मर्यादा माणशी, एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलर. बोलिडची किंमत आठवा आणि हिशेब करा. नवरा, बायको आणि दोन मुलं मिळून वर्षाला १० लाख डॉलर होतात. मुलं अल्पवयीन असली तरी पालकाच्या सहीने त्यांची मर्यादा वापरता येते. म्हणजे अख्खं घर कामाला लावूनही बोलिडचे पैसे एका वर्षात जात नाहीत. ३१ मार्चला एक आणि १ एप्रिलला दुसरा हप्ता पाठवला, तर दोन वर्षांची मर्यादा दोन दिवसांत वापरता येते. ते नियमात बसते. कंपनी हप्त्यांत पैसे घेत असेल, तर तारखा याच हिशेबाने मागून घ्या.

लोक अडकतात ते पुढच्या अटीत. भांडवली स्वरूपाच्या व्यवहारात, म्हणजे परदेशात मालमत्ता घेताना, घरच्यांच्या मर्यादा एकत्र करायच्या, तर ते घरचे त्या मालमत्तेचे सहमालक असावे लागतात. करारावर फक्त वडिलांचे नाव आणि पैसे चौघांच्या खात्यांतून, हे चालत नाही. सही करण्याआधीच सगळ्यांची नावं घाला, नंतर दुरुस्ती करायला कंपनी बांधील नसते. अशा व्यवहारांसाठी बँका कर्जही देऊ शकत नाहीत, पैसा स्वतःचाच लागतो. आणि ज्या खात्यातून पैसे पाठवायचे ते किमान वर्षभर जुने हवे. कालच उघडलेले खाते असेल तर बँक आधी खोलात चौकशी करते.

बँकेत लागणारे कागद: पॅन, ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि त्यातले घोषणापत्र, करार किंवा प्रोफॉर्मा बिल (विक्रेत्याचे आगाऊ बिल), पारपत्र आणि मागची आयकर विवरणपत्रे. गाडी परदेशातच राहणार आहे हे बँकेला लेखी सांगा आणि पैसे कोणत्या उद्देशाखाली पाठवायचे, याचे उत्तरही लेखीच घ्या. सीताबर्डीच्या शाखेत हा व्यवहार रोज होत नाही. काउंटरवरचा माणूस गोंधळला तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्याला परकीय चलन विभागाकडे पाठवायला सांगा.

वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर जेवढी रक्कम जाईल, तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे जागेवरच गोळा होणारा आयकर, कापते. अडीच लाख डॉलर म्हणजे दोन कोटींच्या वर, म्हणून माणशी ४० लाखांच्या आसपास रोख आणखी लागते. हा पैसा बुडत नाही, आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो अडकलेला असतो. विवरणपत्रातल्या विदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, शेड्यूल एफएमध्ये, गाडी कशी दाखवायची हे सीएकडून ठरवून घ्या. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात परदेशी मालमत्ता न दाखवल्यास १० लाखांचा दंड आहे. इथे आळस महागात पडतो.

भारतात आणायची असेल तर

माझे मत विचाराल तर आणू नका. पण कारणे ऐका आणि मग ठरवा.

आयातीचे पैसे एलआरएसमध्ये मोजले जात नाहीत, ही एक सोय. मात्र २ लाख डॉलरच्या वरची आगाऊ रक्कम पाठवायला विक्रेत्याच्या बाजूने बँक हमी लागते, आणि माल सहा महिन्यांत देशात पोचावा लागतो.

आयात धोरणाच्या अटी मोटारींसाठी स्पष्ट आहेत. स्टिअरिंग उजवीकडे, वेग किलोमीटरमध्ये दाखवणारा काटा, डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे दिवे, गाडी जिथे बनली त्याच देशातून पाठवलेली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मान्यतेचे प्रमाणपत्र. ट्रॅकची गाडी बहुतेक वेळा पहिल्याच अटीवर आपटते. मॅकलारेनच्या सोलस जीटीमध्ये तर एकच सीट, तीही मधोमध. ‘दोन हंगाम तिकडे चालवून मग आणतो’ म्हणाल, तर ती वापरलेली गाडी ठरते. वापरलेली गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, आणि ती फक्त मुंबई बंदरातच उतरवता येते.

अटींत न बसणाऱ्या गाडीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाकडे निर्बंधित मालाचा आयात परवाना मागावा लागतो. त्याचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे, पण अर्ज ऑनलाइन जातो आणि निर्णय दिल्लीच्या समितीत होतो. आयातदाराचा आयईसी (आयात-निर्यात संकेतांक) क्रमांक, एएनएफ-२एम हा अर्जाचा नमुना, तांत्रिक माहितीपत्रक, प्रोफॉर्मा बिल आणि गाडी का हवी याचे लेखी कारण लागते. हे कारण लिहिताना ‘आवड’ हा शब्द फारसा उपयोगाचा नाही.

परवाना मिळालाच, तर पुढे कर. ‘ही रस्त्यावर चालत नाही, मग मोटार कशी?’ हा युक्तिवाद करू नका. कस्टमच्या ८७०३ या शीर्षकातच रेसिंग कार हे शब्द आहेत. विमा आणि वाहतूक धरून ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर सीमाशुल्क आणि कृषी उपकर मिळून ११० टक्के, आणि त्या एकूण रकमेवर ४० टक्के जीएसटी. एक कोटीची गाडी २ कोटी ९४ लाखांना पडते. बिल ऑफ एंट्री (कस्टममधली आयातीची नोंद), मूळ बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती), विमा, चासी आणि इंजिन क्रमांकाचे पत्र, कस्टम ब्रोकरला दिलेले अधिकारपत्र यांचा एक संच तुमच्याकडेही राहू द्या.

नंबरशिवाय ठेवता येते का?

आवारात उभी ठेवायला हरकत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ३९ मात्र नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक किंवा इतर कुठल्याही जागी चालवायला मनाई करते. काही जण विंटेज, म्हणजे जुन्या गाड्यांच्या, नोंदणीचा विषय काढतात. २०२१ च्या त्या नियमात ५० वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजतात, आणि इथे तर पहिली नोंदणीच नाही.

मग चालवायची कुठे? विदर्भात तरी जागा नाही. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचे ३.७१७ किलोमीटरचे. स्पर्धेत उतरायचे तर एफएमएससीआय या देशातल्या मोटारशर्यतींच्या संघटनेचा स्पर्धा परवाना काढा. त्याला ओळखपत्र, फोटो, वैद्यकीय दाखला आणि शुल्क लागते. हेल्मेट, मान सांभाळणारे हान्स आणि अग्निरोधक पोशाख यांवर एफआयए या जागतिक मोटारशर्यत संघटनेच्या मानकाचा शिक्का बघून घ्या. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणून ट्रॅकसाठीची पॉलिसी वेगळी मागा.

मुंबईहून नागपूरचा प्रवास बंद ट्रेलरमध्येच करायचा. ट्रेलरच्या चालकाजवळ बिल ऑफ एंट्रीची प्रत, ई-वे बिल आणि वाहतूक विमा असू द्या. समृद्धीवरून ७०१ किलोमीटर ट्रेलरमध्ये आलेली गाडी फुटाळ्यावर फोटोसाठी खाली उतरवून दहा मिनिटे फिरवायचा मोह होतो, हे खरे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५ हजारांपर्यंत दंड आहे. पुन्हा सापडलात तर १० हजारांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंतची कैद. त्या दहा मिनिटांत कोणाला धक्का लागला, तर तुमच्याकडे थर्ड पार्टी विमाही नसतो. फोटो ट्रेलरवरच काढा.