वादळ आलं की प्रवाळाचं बेट खलास?? थोडं थांबा

सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड फिरतो, की मालदीव-लक्षद्वीपसारखी प्रवाळाची बेटं प्रत्येक वादळात थोडी थोडी झिजतात आणि लवकरच संपणार. अर्धंच खरंय हे.

वादळ वाळू नेतं, मान्य. पण त्याच लाटा बाहेरच्या रीफवरचे (म्हणजे बेटाभोवती पाण्याखाली असलेल्या प्रवाळाच्या कड्यावरचे) प्रवाळ मोडून तुकडे किनाऱ्यावर आणूनही टाकतात. 1972 च्या ऑक्टोबरमध्ये पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या छोट्या देशाच्या फुनाफुती बेटांवर बेबे नावाचं वादळ आलं, माणसं गेली, घरं गेली, आणि दुसरीकडे त्याच वादळानं जवळपास 19 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 4 मीटर उंच असा प्रवाळाच्या तुकड्यांचा बांध रचून ठेवला, एका फटक्यात! मग पुढची कित्येक वर्षं साध्या लाटा तो बांध हळूहळू आत ढकलत राहिल्या आणि ते तुकडे बेटालाच जाऊन मिळाले. कृष्णेचा पूर एका काठाची दरड कापतो आणि दुसरीकडे मळी टाकतो ना, तसंच काहीसं.

1971 ते 2014 चे फोटो ताडून बघितले तर तुवालूची जमीन एकूण 2.9 टक्के वाढलेली निघाली, समुद्र चढत असतानाही. काही बेटं घटली, हेही खरं. लक्षद्वीपमधलं परळी-1 हे छोटं बेट तर झिजून गेलंच.

आणि माणसानं बांध घातला म्हणजे बेट वाचलं असंही नाही बरं का, काँक्रीटच्या भिंतीमुळे कधीकधी ही येणारी वाळूच अडते. वाळू आणि तुकड्यांचा हा माल तयार करणारा कारखाना म्हणजे जिवंत रीफ, तो गरम पाण्यानं मेला की वादळ आणणार काय?