मायलोमाच्या आधीची तीस-चाळीस वर्षं

२०१६ साली आइसलँडने चाळिशी ओलांडलेल्या आपल्या सगळ्या नागरिकांना, म्हणजे सुमारे १ लाख ४८ हजार लोकांना, रक्त तपासून घेण्याचं निमंत्रण दिलं. ८० हजारांहून जास्त जण तयार झाले. रक्तात ‘एम प्रोटीन’ आहे का, एवढंच पाहायचं होतं. ज्यांच्यात ते सापडलं त्यांचे तीन गट केले आणि त्यातल्या एका गटाला निकाल कळवलाच नाही; निकाल कळवून लक्ष ठेवल्याने खरंच फायदा होतो का, हे तुलनेने कळावं म्हणून. सहभागींची याला आधीच संमती होती, तरी ऐकताना खटकतंच. पण मायलोमा हा रक्ताचा कर्करोग कसा वाढतो हे पाहिलं, की यामागचा विचार पटतो.

प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेत राहतात. प्रत्येकीचं प्रतिपिंड वेगळं. कधीकधी एकाच पेशीची पिलावळ वाढते आणि सगळ्या मिळून एकच प्रोटीन रक्तात सोडत राहतात. तेच एम प्रोटीन. या अवस्थेला पूर्वी ‘निरुपद्रवी’ म्हणत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, काहींना पुढे मायलोमा झालेला पाहिला आणि १९७८ मध्ये ते विशेषण काढून ‘एमजीयूएस’ (थोडक्यात, ‘ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही’ असं एम प्रोटीन) हे नाव दिलं. त्यांच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या ३ टक्के लोकांत ही अवस्था आढळली. त्रास काहीच नाही. कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका वर्षाला साधारण १ टक्का. पण वीस वर्षं सुखरूप गेली म्हणून तो कमी होत नाही. एमजीयूएस आणि मायलोमा यांच्या मधला टप्पा ‘स्मोल्डरिंग’, म्हणजे धुमसत्या मायलोमाचा. तिथे पहिली पाच वर्षं धोका दरसाल १० टक्के असतो, नंतर मात्र तो उतरत जातो.

खरी गंमत जनुकांत आहे. चौदाव्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडला जाणं किंवा काही गुणसूत्रांच्या जादा प्रती तयार होणं, हे मायलोमातले मूळ बिघाड एमजीयूएसमध्येही सापडतात. जनुकांतल्या खुणांवरून मागे हिशेब केला, तर काही रुग्णांत पहिला बिघाड विशी-तिशीतच झालेला दिसतो. निदान होतं साठी-सत्तरीत. मग इतकी वर्षं ती पेशी थांबते कशासाठी?

काहींत उत्तर सरळ आहे: ‘मिक’ किंवा ‘रास’ जनुकांत नंतर नवा बिघाड होतो आणि वाढ वेग घेते. पण काही रुग्णांत स्मोल्डरिंग अवस्थेतल्या आणि नंतरच्या पेशींची जनुकं जवळपास सारखीच निघतात, फक्त संख्या वाढलेली असते. अशा वेळी संशोधकांचं लक्ष शेजाऱ्यांकडे वळतं. एमजीयूएसच्या टप्प्यावरच मॅरोतल्या रोगप्रतिकारक पेशींचं गणित बदललेलं दिसतं. हाडं झिजवणाऱ्या पेशी पुढे चेकाळतात, हाडं बांधणाऱ्या मंदावतात.

पसरण्याची वाट रक्तातून जाते. काही पेशी मॅरो सोडून रक्तात उतरतात आणि मॅरोतूनच सुटणाऱ्या रासायनिक संकेताच्या मागावर दुसऱ्या हाडात ठाण मांडतात. त्यामुळे रोग ठिकठिकाणी विखुरलेला असतो आणि कमरेच्या हाडात एकाच जागी सुई घालून सगळं चित्र मिळत नाही; एमआरआय किंवा पेट स्कॅन लागतो. रक्तात भटकणाऱ्या अशा पेशी मोजून पुढचा धोका आधी ओळखता येईल का, यावरही काम चालू आहे. मला हा मार्ग आश्वासक वाटतो, निदान वारंवार मॅरो काढण्यापेक्षा रुग्णाला सोसेल असा.

आता प्रश्न उपचार कधी सुरू करायचा याचा आहे. जास्त धोक्याच्या स्मोल्डरिंग मायलोमाच्या ३९० रुग्णांवरच्या ‘अ‍ॅक्विला’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस आले. डॅराट्यूमुमॅब हे औषध जास्तीत जास्त तीन वर्षं दिलेल्या गटात पाच वर्षांनी ६३ टक्के लोक रोग न वाढता जगत होते. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४१ टक्के. फरक मोठाच आहे. पण दुसरा आकडाही नीट वाचायला हवा. या ४१ टक्क्यांना पाच वर्षं औषधाशिवाय निभावलं, आणि ते नेमके कोण हे सुरुवातीलाच खात्रीने सांगेल अशी तपासणी आज डॉक्टरांच्या हाती नाही.