बबल टी दुकानातून घरात: पार्श्वभूमी

बबल टी म्हणजे ‘मोती’ अर्थात स्टार्चच्या चिवट गोळ्या घातलेला, बहुधा दुधाचा थंड चहा. तैवानात १९८० च्या दशकात चहात हे मोती पडले, तेव्हा चहा आणि मोती हे दोन्ही धंदे तिथे स्वतंत्रपणे चालत होते. जपानी राजवटीत, १९२० च्या दशकात, मध्य तैवानात आसामी जातीच्या चहाची लागवड झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ताइनान शहरात कॉकटेलच्या शेकरमध्ये बर्फ, साखर आणि काळा चहा घालून जोरात हलवून देण्याची पद्धत पडली. चहा झटकन गार होई आणि वर फेस येई. दुसरीकडे ‘फनयुआन’ म्हणजे स्टार्चच्या उकडलेल्या गोळ्या, पाकात घोळवून बर्फाच्या चुऱ्यावर खायच्या. त्या पूर्वी रताळ्याच्या स्टार्चच्या असत. पुढे साबुकंदाच्या म्हणजे टॅपिओकाच्या स्टार्चने त्याची जागा घेतली. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि शिजल्यावर तो पारदर्शक व लवचीक होतो.

दोन्ही एका पेल्यात कोणी आणले, यावर ताइनान आणि ताइचुंग इथल्या दोन चहागृहांत सुमारे दहा वर्षं कोर्टकज्जा चालला. ताइनानच्या मालकाचं म्हणणं असं, की १९८६ मध्ये बाजारात पांढऱ्या गोळ्या पाहून कल्पना सुचली. ताइचुंगच्या चहागृहानुसार दशकाच्या अखेरीस एका बैठकीत त्यांच्या कर्मचारी महिलेने आपल्या फनयुआन गोळ्या थंड चहात ओतल्या. निकाल २०१९ मध्ये लागला, तो न लागल्यातच जमा. या पेयावर कोणाचं पेटंट नाही, ट्रेडमार्क नाही, ते कोणीही बनवू शकतं. तेव्हा पहिला कोण हे ठरवण्याची गरजच नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बातम्यांमध्ये या निकालाची थट्टा झाली, पण त्याहून शहाणा निकाल देणं अवघड होतं. फनयुआन आणि शेकरमधला चहा दोन्ही आधीपासून लोकांचेच होते. शिवाय दोन्ही दावे नेमक्या एका पेयाचेही नाहीत. ताइनानच्या कथेतले मोती पांढरे आहेत. आज जगभर दिसतात ते काळसर मोती, त्यांना रंग गडद साखरेने किंवा कॅरमेलने येतो.

घरी करणाऱ्याला हा फरक कणीक मळतानाच कळतो. पांढऱ्या मोत्यांना १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च आणि ६५ ते ७० मिली उकळतं पाणी पुरतं. काळसर मोत्यांना त्याच स्टार्चला ३५ ग्रॅम गडद ब्राऊन शुगर आणि ६० मिली पाणी लागतं. साखर पाण्यात पूर्ण विरघळवून खळखळून उकळायची, एक तृतीयांश स्टार्च घालून मंद आचेवर खळीसारखा चिकट होईपर्यंत ढवळायचं, मग आच बंद करून उरलेला स्टार्च मिसळायचा आणि हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच मळायचं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. पाणी पुरेसं तापलेलं नसेल, तर स्टार्च फुगत नाही. गोळा दाबला की घट्ट होतो आणि सोडला की वाहतो. सगळा स्टार्च आचेवर शिजवला, तर डिंक होतो, मळता येत नाही. भेगा पडल्या तर एकेक छोटा चमचा गरम पाणी घालावं. थंड पाण्याने काम बिघडतं.

गोळ्या ७ ते ८ मिलिमीटरच्या ठेवाव्यात, कारण त्या शिजताना फुगतात आणि जाड स्ट्रॉ साधारण १२ मिलिमीटरचा असतो. दीड लिटर पाण्याला पूर्ण उकळी आल्यावरच त्या सोडायच्या, नाहीतर बाहेरचं पीठ विरघळून पाणी गढूळ होतं. २० ते २५ मिनिटं मध्यम आचेवर, मग आच बंद करून, झाकून तितकाच वेळ. मधला पांढरा ठिपका म्हणजे आत कच्चं. तो घालवायला आच वाढवली तर बाहेरून लगदा होतो. झाकून ठेवण्याचा वेळ वाढवावा.

नंतरची घडामोड मात्र चवीपेक्षा संशयाने जास्त घडवली. २०१३ मध्ये तैवानात मॅलेइक अॅनहायड्राइड या औद्योगिक रसायनाने प्रक्रिया केलेला, खाण्यासाठी परवानगी नसलेला स्टार्च मोत्यांसह अनेक पदार्थांत सापडला. मोत्यांचा हवाहवासा चिवटपणा स्वस्तात मिळवण्याचा हा मार्ग होता. घरी मोती करण्यामागचं सर्वांत ठोस कारण आजही हेच म्हणावं लागेल. दुधाच्या बाबतीतही तसंच. दुकानांनी वर्षानुवर्षं दुधाऐवजी क्रीमर पावडर वापरली, कारण ती टिकते, स्वस्त पडते आणि चहाला दाटपणा देते. तिच्यातल्या अंशतः हायड्रोजनेटेड, म्हणजे ट्रान्स फॅट असलेल्या तेलांवर तैवानने जुलै २०१८ पासून बंदी घातली. ताजं दूध वापरताना चहा दुप्पट कडक हवा: २०० मिली पाण्यात ८ ते १० ग्रॅम काळा चहा, पाच-सहा मिनिटं. एवढं केलं नाही, तर बर्फ वितळेपर्यंत नुसतं गोड दूध उरतं.

त्याच सुमारास ब्राऊन शुगरचे ओघळ पेल्याच्या आतून दिसणारा प्रकार पसरला. त्यात बरेचदा चहाच नसतो, तरी तो बबल टी याच नावाखाली खपतो. ओघळ टिकायला १०० ग्रॅम साखर आणि ५० मिली पाण्याचा पाक चमच्यावर थर धरेपर्यंत आटवायचा आणि शिजलेले मोती त्यातच घोळवायचे. पातळ पाक लगेच तळाशी जातो. फार आटवलेला बर्फाला लागताच कडक होतो.

२०२० च्या टाळेबंदीने घरच्या प्रयोगांना खरा जोर दिला. सिंगापूरमध्ये एप्रिलमध्ये बबल टीची दुकानं बंद होणार कळताच त्याच रात्री रांगा लागल्या. घरी बबल टी करण्याच्या तयार संचांत येतात ते बहुधा झटपट मोती. त्यांतला स्टार्च आधीच अंशतः शिजवलेला असतो, म्हणून ते पाचेक मिनिटांत होतात. त्यांना आधी पाण्यात भिजवू नये, पीठ होतं. आणि घरचे असोत वा पाकिटातले, शिजलेले मोती पाकात बुडवून खोलीच्या तापमानाला चार तासांत संपवावेत. फ्रीजमध्ये स्टार्च पुन्हा आवळतो आणि मोती आतून कडक, खडूसारखे होतात. राखून ठेवायचेच असतील तर कच्च्या गोळ्या स्टार्च भुरभुरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकाव्यात.