धानवाल्यांनो, शेततळ्याचा अर्ज भरताय? आधी साईज ठरवा

भंडारा-गोंदियाकडं पाऊस भरपूर, मग शेततळं कशाला असं बरेच जण म्हणतात, पण धान पोटरीत आला (आत लोंबी धरली), निसवायला (लोंबी बाहेर पडायला) लागला आणि नेमका तेव्हाच पाऊस गायब झाला की बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत) भेगाळते, लोंबीत पोचट दाणे राहतात, आणि तोवर खत, रोवणी, निंदण सगळा खर्च होऊन गेलेला असतो. तेव्हा दिलेलं एकच पाणी तो सगळा खर्च वाचवतं. म्हणूनच मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतलं वैयक्तिक शेततळं आपल्याकडंही कामाचं आहे.

पात्रता सोपी आहे. स्वतःच्या नावावर किमान 0.40 हेक्टर म्हणजे एक एकर जमीन पाहिजे (कोकणात 0.20 हेक्टर चालते), आणि आधी सरकारी योजनेतून शेततळं घेतलेलं नसावं. अनुदान साईजप्रमाणे, जास्तीत जास्त 75,000 रुपये.

आता साईज, इथंच लोक घाई करतात. जास्त अनुदान दिसतं म्हणून 30×30×3 मीटरचं टाकतात, पण त्यात 9 गुंठे जमीन जाते, बांधाची वेगळी, म्हणजे एकरवाल्याचा पाव हिस्सा गेलाच समजा. 20×20×3 ला 4 गुंठे लागतात आणि उतार धरून साधारण पावणेनऊ लाख लिटर पाणी मावतं. एका एकरात 5 सेंटीमीटर पाणी भरायला 2 लाख लिटर लागतात. पाझर, बाष्पीभवन वजा केलं तरी एकर-दोन एकराची वेळ निभावते, शिवाय आपल्याकडं पावसाळ्यात तळं परत भरतं, दुष्काळी भागासारखं वर्षभराचं पाणी साठवायची गरज नाही. बोडी (शेतातलं छोटं तळं) आधीच असेल तर अजून विचार करा.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर (राज्य सरकारची योजनांच्या अर्जाची वेबसाईट), शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) लागतोच, तो नसेल तर आधी सीएससी सेंटरवर काढून घ्या. सिंचन साधने व सुविधा मध्ये वैयक्तिक शेततळे निवडायचं, फी 23 रुपये 60 पैसे. सातबारा, 8-अ, आधार, बँक पासबुक आणि लागू असेल तर जातीचा दाखला जवळ ठेवा. सातबारा आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का बघा, पैसे आधार लिंक खात्यातच येतात.

आणि पूर्वसंमती (कृषी विभागाची आधीची मंजुरी) हातात पडेपर्यंत जेसीबी लावू नका, आधी खोदलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही. इंजिन-पाईपचा खर्च या अनुदानात बसत नाही, तो हिशोबात वेगळा धरा.