व्हिला, नोकरमाणसांसह भाड्याचा (इटली)

इटलीच्या ग्रामीण भागातले एखादे मोठे घर स्वयंपाकीण, साफसफाईची बाई, माळी आणि देखरेखीचा माणूस यांच्यासकट उन्हाळ्यात आठवड्याच्या बोलीवर भाड्याने घेण्याची पद्धत. मोसम साधारण मे ते सप्टेंबर. बहुतेक ठिकाणी शनिवारी दुपारी घर ताब्यात मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी सोडावे लागते. तोस्काना प्रांत हे या पद्धतीचे माहेरघर. तिथले नावाजलेले भाग म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधला कियान्ती, सिएनाच्या दक्षिणेची व्हाल दोर्चा आणि लुक्काभोवतीच्या टेकड्या. शेजारचा उम्ब्रिया आणि दक्षिणेचा पुलिया इथेही अशी घरे मिळतात. पुलियात त्यांना मासेरिया म्हणतात, आणि त्यांतल्या कित्येकांना तटबंदी असते. कोमो सरोवराकाठचे महालवजा व्हिला हा प्रकार निराळा. ही नोंद शेतातल्या घरांपुरती आहे.

‘व्हिला’ हा शब्द इथे जरा मोठेपणा मिरवतो. प्राचीन रोममध्ये व्हिला म्हणजे मालकाचे शेतावरचे घर. मालक शहरात, आणि शेत पाहणारा ‘विलिकुस’ हा कारभारी बहुधा स्वतःच गुलाम. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने आजच्या तोस्काना-उम्ब्रियाच्या सीमेजवळच्या आपल्या व्हिलाचे वर्णन एका पत्रात केले आहे. किनाऱ्याकडची हवा रोगट म्हणून मित्राला त्याची काळजी वाटत होती. त्याची समजूत घालताना प्लिनी लिहितो की घर समुद्रापासून लांब, अपेनाइन्स डोंगराच्या पायथ्याशी आहे. पंधराव्या शतकात मेदिची घराण्याने फ्लोरेन्सभोवती हाच थाट पुन्हा उभा केला. त्या घराण्याचे १२ व्हिला आणि २ बागा २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. शहरी धनिकांनी मोसमभर गावच्या घरी मुक्काम हलवायचा, या चालीला ‘व्हिलेज्जातुरा’ म्हणतात. अठराव्या शतकात ती इतकी बोकाळली, की कर्ज काढून गावाला जाणाऱ्यांची टर उडवणारी तीन जोडनाटके व्हेनिसच्या कार्लो गोल्दोनीने १७६१ मध्ये रंगभूमीवर आणली.

आज तोस्कानात भाड्याने मिळणारी बरीचशी घरे मात्र त्या मालकांच्या राहण्याची नव्हेत, त्यांच्या कुळांच्या राहण्याची होती. तोस्काना-उम्ब्रियात शेकडो वर्षे ‘मेद्झाद्रिया’ चालत असे. ‘मेद्झो’ म्हणजे अर्धा. आपल्याकडची अर्धेली ज्याला ठाऊक आहे, त्याला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको: जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. कुळाच्या घरातला कर्ता तो ‘कापोच्चा’; चूल आणि कोंबड्या सांभाळणारी ‘मास्साइया’; आणि मालकाच्या वतीने हिशेब घ्यायला येणारा कारभारी ‘फात्तोरे’. एखाद्या शेतावर किती हात राबतात यावर मालकाचा डोळा असे, त्यामुळे कुळाच्या घरातले लग्नही त्याच्या संमतीवाचून ठरत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसे कारखान्यांच्या वाटेने शहरात गेली. १९६४ च्या कायद्याने मेद्झाद्रियाचे नवे करार बंद केले. शेतातली घरे ओस पडली, ती ब्रिटिश, जर्मन आणि इतर परदेशी मंडळींनी स्वस्तात घेऊन दुरुस्त केली. कियान्तीत इंग्रज इतके झाले की थट्टेने त्याला ‘कियान्तीशायर’ हे नाव पडले (‘शायर’ म्हणजे इंग्लंडमधला परगणा).

घर नीट पाहिले तर ही सगळी कुळकथा भिंतीत वाचता येते. तळमजल्यावरची कमानदार छताची ऐसपैस बैठक हा मूळचा गोठा. कुठे गुरे बांधायची लोखंडी कडी तशीच असते, कुठे गव्हाण राखून तिच्यात वाइनच्या बाटल्या आडव्या मांडलेल्या असतात. माणसे वरच्या मजल्यावर राहत, म्हणून दगडी जिना बाहेरून. खालच्या गुरांची ऊब हिवाळ्यात वर पोचे. छपरावरचा चौकोनी मनोरा कबुतरांचा. पूर्व तोस्कानातल्या व्हाल दी कियाना खोऱ्यातल्या ‘लेओपोल्दीने’ घरांची ती खूणच आहे. तोस्कानाचा राज्यकर्ता ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो (कारकीर्द १७६५–१७९०) याच्यावरून त्यांना हे नाव मिळाले. समोर जिथे गव्हाची मळणी होई त्या खळ्यावर आता द्राक्षवेलीच्या मांडवाखाली जेवणाचे लांब टेबल असते. भिंती अर्धा मीटर किंवा त्याहून जाड. खिडक्यांच्या लाकडी झडपा ऊन चढायच्या आत लावायच्या आणि अंधार पडल्यावर उघडायच्या, हे साफसफाईची बाई पहिल्याच सकाळी सांगते. दिवसभर झडपा उघड्या टाकायच्या आणि रात्री एसी नाही म्हणून तक्रार करायची, हे पाहुण्यांचे नेहमीचे वागणे.

‘स्टाफसह’ या शब्दाचा अर्थ घरागणिक बदलतो, आणि वादाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. बाई सकाळचे तीन-चार तास येते. माळी आणि पोहण्याच्या तलावाचा माणूस आठवड्यातून एकदोनदा. स्वयंपाकीण कुठे रोज एका जेवणापुरती, कुठे ठरलेल्या संध्याकाळीच. चोवीस तास हाताशी असणारे माणूस ही आपल्याकडची कल्पना तिथे चालत नाही. घरकामगारांच्या राष्ट्रीय करारात, मालकाच्या घरात राहणाऱ्या नोकरालाही आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आणि ३६ तासांची सुटी आहे. किराणा सहसा भाड्यात धरलेला नसतो. स्वयंपाकीण बाजार करते, पावत्या डब्यात जमवते आणि शेवटी हिशेब देते. यामागे एक कायदेशीर कारणही आहे. खासगी मालकाने ३० दिवसांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या भाड्यात चादरी-टॉवेल आणि साफसफाई दिली तर चालते. जेवण दिले की तो व्यवहार अल्पमुदतीच्या भाड्याच्या चौकटीबाहेर जातो. म्हणून स्वयंपाकिणीशी वेगळा करार करायची पद्धत पडली.

जेवण तोस्कानी, म्हणजे मुळात शेतकऱ्याचे. पाव बिनमिठाचा. तो शिळा झाला की पाण्यात भिजवून, पिळून, टोमॅटो-काकडी-कांद्याबरोबर पान्झानेला होतो. शेंगदाण्याच्या कुटासह भाकरीचा कुस्करा खाणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही. घेवडा आणि काळ्या कोबीचे रिबोलिता हे सूप, हाताने वळलेल्या जाड पिची शेवया हेही नेहमीचे. शाकाहारी पाहुण्यांनी दोन गोष्टी आधी विचाराव्यात: सूपच्या फोडणीत डुकराच्या मांसाचा तुकडा आहे का, आणि चीज कोणते. पार्मिजानो रेज्जानो नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजतात. ‘मांस नको’ म्हटल्यावर ते चीज वगळायचे असते, हे स्वयंपाकिणीच्या गावीही नसते.

१ जानेवारी २०२५ पासून भाड्याच्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख-क्रमांक घेऊन तो जाहिरातीत आणि घराबाहेर लावणे सक्तीचे आहे. जाहिरातीत तो दिसत नसेल तर पैसे पाठवू नयेत. पाहुणे आल्यापासून २४ तासांत त्यांच्या पासपोर्टची माहिती मालकाला पोलिसांच्या पोर्टलवर भरावी लागते. कित्येक गावे माणशी दर रात्रीचा पर्यटक कर वेगळा घेतात. आगाऊ रक्कम करारात ‘कापारा कोन्फिर्मातोरिया’ म्हणून नोंदली असेल तर नागरी संहितेचे कलम १३८५ लागू होते: पाहुण्याने करार मोडला तर रक्कम बुडते, मालकाने मोडला तर ती दुप्पट परत मागता येते.

मराठी वाचकाला हा मुलूख बहुधा लग्नाच्या बातमीतून ठाऊक असतो. अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचे लग्न ११ डिसेंबर २०१७ रोजी सिएनाजवळच्या बोर्गो फिनोक्किएतो या दुरुस्त केलेल्या जुन्या वस्तीत झाले. सुटीसाठी जाणाऱ्यांना तिथे मोटार लागतेच. घरापर्यंतचा शेवटचा टप्पा पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्याचा असतो. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा.

ऑगस्टच्या मध्यावर घर घेणाऱ्यांनी १५ तारीख लक्षात ठेवावी. तो ‘फेर्रागोस्तो’, सम्राट ऑगस्टसच्या नावाने चालत आलेला सुटीचा दिवस. दुकाने बंद, माळी समुद्रावर, स्वयंपाकीण आपल्या घरी. आदल्या संध्याकाळी ती पान्झानेला करून फ्रीजमध्ये ठेवून जाते. तो मुरला की जास्तच चांगला लागतो.