दोन नट आणि एक बाण : दुचाकी दुरुस्तीचं एआर अ‍ॅप बनवताना

दुचाकीच्या मागच्या चाकाशी चेन ताणायचा अ‍ॅडजस्टर असतो. त्याच्या बोल्टवर बहुतेक गाड्यांत दोन नट एकमेकांना चिकटून बसलेले असतात. आतला नट चेन ताणतो, बाहेरचा लॉक नट त्याला जागेवर धरून ठेवतो. दोन्हींची मिळून जाडी सेंटीमीटरभर. आता समजा, गाडी ओळखण्यासाठी फोनच्या कॅमेऱ्याने जी खूण पकडली आहे ती या नटांपासून ४० सेंटीमीटर लांब आहे, आणि त्या खुणेचा कोन मोजताना फोन फक्त एका अंशाने चुकला. पडद्यावरचा बाण सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. आधी सोडायचा असतो लॉक नट, पण बाण दिसतो आतल्या नटवर. माणूस पाना लावतो, नट हलत नाही, आणखी जोर लावतो आणि नटाचे कोपरे गोल होऊन बसतात.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीच्या, म्हणजे एआरच्या, दुरुस्ती अ‍ॅपची खरी कसोटी या ७ मिलिमीटरांत आहे. पडद्यावर फिरणारा बाण काढायला होतकरू प्रोग्रॅमर दोन दिवसांत शिकतो. तो बाण नेमक्या नटावर बसवणं आणि खात्री नसेल तेव्हा तो मुळीच न दाखवणं, हे महिन्यांचं काम आहे.

या तंत्राचा जन्मच मुळी कारखान्यातला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल हे विमानांच्या वायरिंगच्या जुडग्यांवर काम करत होते. कोणती वायर कुठून न्यायची हे कामगाराला कागद न चाळता डोळ्यांसमोरच दिसावं, अशी त्यांची कल्पना होती. १९९२ मध्ये ती त्यांनी मांडली. नाशिककरांना जवळचा वाटेल असा धागाही यात आहे. मूळचे नाशिकचे असलेले रमेश रासकर यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात सहकाऱ्यांबरोबर वेगळी वाट धरली होती. डोक्यावर चष्मा किंवा हातात पडदा नको, प्रोजेक्टरने खऱ्या वस्तूवरच चित्र पाडायचं. दुरुस्तीच्या दृष्टीने ही कल्पना आजही मोहात पाडते, कारण तीत दोन्ही हात मोकळे राहतात. पण या प्रयोगांत वस्तू जागच्या जागी असायची आणि प्रकाश आपल्या हातात. पंचवटीच्या गल्लीत डबल स्टँडवर लावलेली, मडगार्डला चिखल चिकटलेली गाडी यातलं काहीच पाळत नाही.

फोनमधला एआर कसा चालतो ते थोडक्यात. कॅमेरा दर सेकंदाला साधारण ३० चित्रं घेतो. त्यांतले ठळक बिंदू (कोपरे, ओरखडे, अक्षरांच्या कडा) एका चित्रातून दुसऱ्या चित्रात कसे सरकले, हे फोन पाहतो. सोबत गायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर फोनची हालचाल सेकंदाला शेकडो वेळा सांगत असतात. दोन्हींचा मेळ घालून फोन स्वतःची जागा ठरवतो. गुगलचं एआरकोअर आणि अ‍ॅपलचं एआरकिट हेच करतात. गोम अशी, की यातून फोनला जमीन कळते, भिंत कळते, स्वतः कुठे आहोत ते कळतं. समोरची वस्तू अमुक मॉडेलची दुचाकी आहे आणि तिचा एक्सल नट (मागच्या चाकाचा आस घट्ट धरणारा नट) इथे आहे, हे कळत नाही. ते वेगळं शिकवावं लागतं.

आणि शिकवायला दुचाकीइतकी आडमुठी वस्तू शोधून सापडणार नाही. क्रोमच्या सायलेन्सरवर दिसणारे ठळक बिंदू सायलेन्सरचे नसतातच, ते समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब असतात. फोन हलवला की तेही सरकतात आणि हिशेब बिघडतो. काळ्या प्लास्टिकवर बिंदूच सापडत नाहीत. स्पोकच्या चाकातून पलीकडची भिंत दिसते. शिवाय गाडीचे भाग एकमेकांच्या संदर्भात हलतात, आणि याचा विचार नवखे डिझायनर हमखास विसरतात. हँडल, पुढचं मडगार्ड, हेडलॅम्प वळतात. मागचं चाक स्विंग आर्मला, म्हणजे फ्रेमला बिजागरीने जोडलेल्या दांड्याला, बसवलेलं असतं आणि शॉकअब्सॉर्बर दबला की स्विंग आर्म फ्रेमच्या तुलनेत वर जातो. तेव्हा टाकीवर खूण पकडून मागच्या एक्सलवर बाण दाखवणं म्हणजे चुकीला आवतण. जो भाग दुरुस्त करायचा, खूण त्याच भागाशी घट्ट जोडलेली हवी.

ओळखीचे मार्ग तीन. गाडीचं त्रिमितीय मॉडेल फोनला देऊन बाह्याकार जुळवायचा, हा दिसायला सर्वांत देखणा. पण कंपन्या आपली मॉडेल्स बाहेर देत नाहीत. शे-दीडशे फोटो काढून स्वतः मॉडेल बनवता येतं. मग ढगाळ उजेड शोधा, चमकदार भागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, मापासाठी चित्रात स्टीलची पट्टी ठेवा. एवढं करूनही मालकाने क्रॅश गार्ड, साडी गार्ड, डिकी बसवली की बाह्याकार बदलतो. दुसरा मार्ग गाडीवरचं स्टिकर किंवा लोगो ओळखायचा. ते चित्र सुरुवातीला कॅमेऱ्याच्या चौकटीचा निदान चौथा भाग व्यापेल असं असावं लागतं, आणि तीन पावसाळे पाहिलेलं स्टिकर निम्मं सोललेलं असतं.

तिसरा मार्ग दिसायला गावठी, पण आमचं मत त्यालाच. छापील काळा-पांढरा चौकोनी मार्कर. अरुको नावाचे असे मार्कर स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठात तयार झाले आणि ते ओळखण्याची सोय ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. ५ सेंटीमीटर बाजूचा मार्कर अर्ध्या मीटरवरून साध्या फोनच्या व्हिडिओतही शंभरेक पिक्सेल रुंद दिसतो, तेवढं पुरतं. छपाई मॅट कागदावर घ्यावी. लॅमिनेशन केलं की ट्यूबलाइट त्यात चमकते आणि मार्कर गायब होतो. स्विंग आर्म गोल पाइपचा असेल तर कागद वाकतो, म्हणून तो ३ मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवावा आणि मागे दोन छोटी चुंबकं लावावी. १००-१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांचे स्विंग आर्म लोखंडी असल्याने ते घट्ट बसतं. मार्कर एक्सलपासून ५ सेंटीमीटरवर असेल, तर एका अंशाच्या चुकीने बाण एक मिलिमीटरही सरकत नाही. ४० सेंटीमीटरवाल्या हिशेबाशी ताडून पाहा.

त्यातही एक पेच आहे. सपाट मार्करकडे अगदी समोरून पाहिलं, तर तो किंचित उजवीकडे कलला आहे की डावीकडे, हे कॅमेऱ्याला नीट ठरवता येत नाही, आणि बाण दोन जागांमध्ये उड्या मारू लागतो. फोन थोडा तिरका, पंचवीस-तीस अंशांत धरायला सांगितलं की उड्या थांबतात. मार्कर प्रत्येक जण थोडा वेगळ्या जागी लावणार, हेही गृहीत धरावं. लावल्यानंतर अ‍ॅपने चित्र गोठवून मोठं करावं आणि वापरणाऱ्याकडून दोन बिंदूंवर बोट ठेवून घ्यावं : एक्सल नटाचा मध्य आणि चाक किती मागे आहे ते दाखवणाऱ्या स्विंग आर्मवरच्या खाचांपैकी पहिली खाच. या दोन बिंदूंवरून उरलेला फरक काढता येतो.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या आवृत्तीत एकच गाडी आणि एकच काम घ्यावं, चेनचा झोल काढण्याचं. ते वारंवार लागतं, त्याला महागडी हत्यारं लागत नाहीत आणि इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीला तर फारच लवकर लागतं.

चेनला झोल मुळात का हवा? स्विंग आर्म ज्या बिजागरीवर फिरतो ती आणि पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) यांचे मध्य एकाच जागी नसतात. त्यामुळे चाक वर-खाली झालं की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. चेन आधीच ताठ असेल तर खड्ड्यात चाक उचललं जाताना ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि बेअरिंगला ओढते. फार सैल असेल तर कव्हरवर आपटते, दात ओलांडते. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत झोल साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मालक-पुस्तिकेतूनच घ्यावा.

इथे एआरला पहिली ठेच लागते. अशा अनेक गाड्यांची चेन पूर्ण झाकलेल्या कव्हरमध्ये असते, कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. खालच्या बाजूला रबरी बूच काढून बोटाने चेन वर-खाली करून झोल पाहायचा असतो. म्हणजे माप माणसानेच घ्यायचं. अ‍ॅपने काय करावं? कव्हर पारदर्शक झाल्यासारखं दाखवून आत चेन कशी जाते, बूच कुठे, बोट कुठे लावायचं हे दाखवावं. एआरचा खरा उपयोग तो हाच, न दिसणारं दाखवणं. मात्र ही काढलेली चेन स्पष्टपणे चित्रच वाटली पाहिजे, वेगळ्या रंगात, तुटक रेषांनी. हुबेहूब चेन काढली तर लोक तिच्यावरूनच झोल ठरवतील.

पायऱ्यांचा क्रम असा बसतो. इंजिन बंद, चावी काढलेली, गिअर न्यूट्रल, गाडी डबल स्टँडवर. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी झोल पाहायचा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत ताठ तिथे खडूने खूण करून तिथलंच माप धरायचं. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पाहायची सवय अनेकांना असते. बोटं जातात ती यातच, म्हणून ही सूचना पडद्यावर आल्यावर पुढे जायचं बटण निदान पाच सेकंद उमटू नये. मग एक्सल नट सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. काही गाड्यांत चेनच्या बाजूचा स्लीव्ह नटही सोडावा लागतो; तो राहिला तर चाक सरकत नाही आणि माणूस अ‍ॅडजस्टरवर राग काढतो. लॉक नट सोडून आतला नट फिरवायचा, दोन्ही बाजूंनी सारखा. आटे ८ मिलिमीटरचे, सव्वा मिलिमीटर पिचचे (एका पूर्ण फेरीत नट सव्वा मिलिमीटर सरकेल असे) असतील, तर नटाची एक चपटी बाजू फिरवली म्हणजे चाक सुमारे ०.२ मिलिमीटर मागे जातं. एवढंसं सरकल्यानेही झोल डोळ्यांना कळेल इतका बदलतो. दोन्ही बाजूंच्या खाचा जुळल्या का, हे कॅमेरा बऱ्यापैकी तपासू शकतो : दोन्ही बाजूंचे जवळून फोटो, शेजारी शेजारी. मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर चाक मागे गेल्यामुळे ब्रेक रॉड ताणला जातो, म्हणून पॅडलचा मोकळा प्रवास पुन्हा पाहावाच लागतो. ही पायरी घाईत हमखास गळते, मग ब्रेक लागून राहतो आणि ड्रम तापतो.

शेवटी एक्सल नट आवळणं, आणि इथे फोन आंधळा आहे. नट किती घट्ट बसला हे कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, असेल तर आकडा सांगून भागतं. नसेल तर आकड्याचं भाषांतर हाताच्या जोरात करून द्यावं. समजा पुस्तिकेत ६० न्यूटन-मीटर दिलं आहे आणि पाना २० सेंटीमीटर लांब आहे; मग टोकाला ३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३० किलोचा जोर हवा. ऑइलचा ड्रेन बोल्ट २५ न्यूटन-मीटरचा असेल, तर १५ सेंटीमीटरच्या पान्यावर जेमतेम १७ किलो. तोही एक्सल नटासारखाच दाबला की इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात आणि शंभर रुपयांच्या कामाचे हजार होतात. ही पद्धत ढोबळ आहे. एक्सल नटाच्या बाबतीत काम झाल्यावर गॅरेजमध्ये टॉर्क पान्याने एकदा तपासून घ्या, असं अ‍ॅपने स्पष्ट म्हणावं.

भाषेकडे तितकंच लक्ष हवं. ‘डावीकडचा नट’ म्हटलं की गाडीवर बसणाऱ्याची डावी की गाडीच्या बाजूला उकिडवं बसलेल्याची, हा घोळ होतो. ‘चेनची बाजू’ आणि ‘सायलेन्सरची बाजू’ म्हटलं की होत नाही. ‘घड्याळाच्या दिशेने’ हेही टाळावं. बोल्टच्या डोक्याकडून आणि नटाच्या बाजूने पाहताना दिशा उलटते. ‘सुटेल असा फिरवा’ म्हणावं आणि पडद्यावर वळणारा बाण दाखवावा. सूचना बोलून दाखवाव्यात, कारण ग्रीस लागलेल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. आवाजाने आज्ञा घ्यायची तर शब्द दोनच ठेवावेत, ‘पुढे’ आणि ‘परत’. शेजारी कॉम्प्रेसर चालू असताना यापेक्षा जास्त फोनला ऐकू येत नाही.

कॅमेरा सतत चालू ठेवणं मात्र शुद्ध चूक. एक हात फोनमध्ये अडकला तर पाना धरणार कोण? शिवाय एआर चालू असताना प्रोसेसर तापतो, आणि नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर फोन दहा-पंधरा मिनिटांत मंदावतो. दहा सेकंद पाहा, बाण लावलेलं चित्र गोठवा, फोन बाजूला ठेवा, काम करा. वापरणारे अर्धा वेळ या गोठवलेल्या चित्राकडेच पाहत असतात, तेव्हा जास्त मेहनत त्यावर घ्यावी.

मॉडेलबरोबर वर्षही विचारावं लागतं. गाड्यांच्या धुराचे बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याच नावाच्या जुन्या गाडीचा आयडल स्क्रू नव्या गाडीत शोधत बसणं व्यर्थ. आणि काही कामं अ‍ॅपमध्ये घेऊच नयेत : डिस्क ब्रेकची ऑइल लाइन, पेट्रोलची नळी, पुढचे फोर्क, उघडलेलं इंजिन. तिथे ‘गॅरेजला न्या’ एवढाच मजकूर असावा.

चाचणीसाठी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुचाकीने जाणारी आठ-दहा माणसं पुरेत, निम्मी पाना कधी न धरलेली. अ‍ॅप आवडलं का, हा प्रश्न विचारू नये. माणसं भिडेखातर हो म्हणतात. मोजायचं ते असं : पाना चुकीच्या नटावर किती वेळा लागला, काम संपल्यावर झोल पुस्तिकेतल्या मापात आहे का, दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्या आहेत का, ब्रेक पॅडल तपासलं की नाही, आणि टॉर्क पान्याने पाहिल्यावर एक्सल नट आणखी किती फिरला. चुकीच्या नटावर पाना एकदा जरी गेला, तर बाणाचा रंग आणि आकार बदलत बसण्याआधी मार्कर कुठे लावला होता ते पाहावं.