क्रिएटिनिन १.२, पण कुणाचं?

खानापूरची माझी आत्ती सत्तरीची. बेळगावात तिचं रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.२ आलं. लॅबने बाई-पुरुष दोघांना १.३ ही एकच मर्यादा छापलेली, त्यामुळे सगळे निर्धास्त. शेजारणीने विचारलं, "किडनी बरी हाय न्हवं?" मला मात्र हो म्हणवेना.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज निघणारा कचरा. तो रक्तातून काढायचं काम किडनीचं. पुस्तकात तिला मूत्रपिंड किंवा वृक्क म्हणतात. एकेका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात. लघवी होते दीड-दोन लिटर.

आता तालमीत घुमणारा २५ वर्षांचा पैलवान घ्या. स्नायू भरदार, म्हणून कचराही जास्त. आत्तीच्या दंडावर मांसच उरलेलं नाही. इतका कमी कचरा होऊनही तिचा आकडा पैलवानाएवढाच असेल, तर गाळणं मंदावलंय.

म्हणून ईजीएफआर बघायचा. वय, लिंग आणि क्रिएटिनिन धरून काढलेला हा गाळण्याच्या वेगाचा अंदाज. २०२१ च्या सूत्राने १.२ ला पैलवानाचा येतो ८६, आत्तीचा ४९. आकडा ६० च्या खाली तीन महिने टिकला, तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळचा, एवढंच. आपल्याकडे लगेच "किडनी फेल" म्हणून मोकळे होतात, त्याचं मला फार वाईट वाटतं; तो टप्पा १५ च्या खालचा. मधल्या वाटेवर करण्यासारखं पुष्कळ असतं: बीपी आणि साखर आटोक्यात ठेवणं, आणि गुडघे दुखले की दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने न घेणं. आत्ती त्या दोन वर्षं घेत होती.

(मुतखडा हा वेगळा आजार. सोनोग्राफीत खडा नाही, म्हणून किडनी ठीक, असं होत नाही.)

आणखी एक तपासणी राहून गेली होती: लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. ते ३० च्या आत हवं. गाळणी झिरपू लागली की हे प्रथिन लघवीत उतरतं, कधीकधी ईजीएफआर घसरण्याच्याही आधी. सोमवारी सकाळच्या पहिल्या लघवीची बाटली घेऊन आम्ही पुन्हा बेळगावची बस धरली. रक्त परत तीन महिन्यांनी.